वाचनदोष व बालसमुपदेशन

सर्वसाधारण बुद्धिमत्ता, निर्दोष दृष्टी व श्रवण आणि नियमित शालेय शिक्षण असूनही ज्या मुलांना लिखित मजकूर वयानुरूप वाचता येत नाही, त्यांच्या मनात साचलेल्या भीती, लज्जा, राग, न्यूनत्व इ. भावनांना वाट मिळावी म्हणून योजण्यात येणारी समुपदेशनाची प्रक्रिया. उपचारात्मक अध्यापनाहून ती भिन्न आहे. अध्यापनात अक्षरे, ध्वनी व शब्द यांकडे लक्ष दिले जाते, तर समुपदेशनात त्या अक्षरांपाशी वर्षानुवर्षे अडून राहिलेल्या मुलाचे ऐकून घेतले जाते. या प्रक्रियेचा इतिहास मुख्यतः एका वादाभोवती फिरतो. भावनिक बिघाडामुळे मूल वाचू शकत नाही, की वाचू शकत नाही म्हणून त्याच्यात भावनिक बिघाड होतो, हा तो वाद होय. तो केवळ तात्त्विक नाही. त्याच्या उत्तरावर मुलाला खेळाच्या खोलीत पाठवावयाचे की फळ्यासमोर बसवावयाचे, हे अनेक दशके ठरत आले आणि पुष्कळदा मुलाच्या आईला दोषी ठरवावयाचे की नाही, हेही त्यावरूनच ठरले.

वाचनदोषाकडे प्रथम लक्ष गेले ते वैद्यांचे. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल (१८२२–१९०२) याने १८७७ मध्ये, दृष्टी, वाचा व बुद्धी शाबूत असताही छापील शब्द ओळखू न शकणाऱ्या रुग्णांच्या अवस्थेस ‘शब्दांधता’ असे नाव दिले. श्टुटगार्ट येथील नेत्रवैद्य रूडोल्फ बेर्लिन (१८३३–९७) याने १८८७ मधील आपल्या प्रबंधात ‘डिस्लेक्सिया’ ही संज्ञा वापरली. हे रुग्ण प्रौढ होते आणि मेंदूच्या विकारामुळे त्यांची वाचनक्षमता नष्ट झालेली होती. मुलांमध्ये हा दोष जन्मजात असू शकतो, हे इंग्‍लंडमधील ससेक्स परगण्यातील वैद्य प्रिंगल मॉर्गन याने ७ नोव्हेंबर १८९६ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाच्या उदाहरणाने दाखवून दिले. हा मुलगा तल्लख होता, खेळांत चपळ होता. सर्व शिक्षण तोंडी असते तर शाळेतील सर्वांत हुशार मुलगा हाच ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. स्वतःचे नाव लिहितानाही मात्र त्याची अक्षरे उलटसुलट होत. मॉर्गनच्या टिपणात मुलाच्या वाचनाचे बारकाईने वर्णन आढळते; त्याला त्याबद्दल काय वाटत होते, हे मात्र त्यात नाही. ग्‍लासगो येथील नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड (१८५९–१९१९) याने या विषयाचा पाठपुरावा केला. त्याचा जन्मजात शब्दांधतेवरील ग्रंथ १९१७ मध्ये निघाला. वैद्यकीय परंपरेने वाचनदोषी मुलावरील आळस व मंदबुद्धी यांचा आरोप दूर केला, हे तिचे मोठेच कार्य होय. परंतु तिच्या दृष्टीने मूल हे एका दोषाचे धारक होते.

याच १८९६ मध्ये लाइटनर विटमर (१८६७–१९५६) याने फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. तेथे आलेला पहिला मुलगा शब्दलेखनात अतिशय मागे असलेला असा होता व त्याला तेथे आणले ते त्याच्या शिक्षिकेने. चिकित्सामानसशास्त्र या शाखेचा आरंभ एका न लिहिता-वाचता येणाऱ्या विद्यार्थ्यापासून झाला, ही गोष्ट त्या शाखेच्या पुढील इतिहासात बहुधा विसरली गेली.

अमेरिकन तंत्रिकावैज्ञानिक सॅम्युएल ऑर्टन (१८७९–१९४८) याने १९२५ पासून आयोवा राज्यातील शाळकरी मुलांचा अभ्यास केला. मेंदूच्या दोन अर्धगोलांपैकी एकाचे प्राबल्य पुरेसे प्रस्थापित न झाल्याने अक्षरप्रतिमांची उलटापालट होते, ही त्याची उपपत्ती आज मान्य नाही. परंतु १९३७ मधील आपल्या ग्रंथात त्याने नोंदविलेले एक निरीक्षण टिकून राहिले आहे : अशा मुलांमधील न्यूनगंड, चिडखोरपणा वा औदासीन्य हे पुष्कळदा वाचनातील अपयशामागून येते. त्याच सुमारास याच्या नेमक्या उलट दिशेने विचार चालू होता. मनोविश्लेषणाच्या परंपरेतील मेलनी क्लाइन (१८८२–१९६०) हिने १९२३ मध्ये शाळा व मुलाचे अबोध मन यांच्या संबंधावर लिहिले आणि १९३१ मध्ये बौद्धिक अवरोधाची उपपत्ती मांडली. जेम्स स्ट्रेची याने १९३० मध्ये वाचनामागील अबोध प्रेरणांचा शोध घेतला. या मतानुसार वाचणे म्हणजे जाणणे. जे जाणण्याची मुलाला भीती वाटते, त्याच्याशी अक्षरांचे नाते जुळले की मूल वाचन नाकारते. फिलाडेल्फियातील बालमार्गदर्शन केंद्रात काम करणाऱ्या फिलिस ब्‍लँचर्ड हिने १९२८ पासून पुढे अनेक लेखांत वाचनदोष व भावनिक कुसमायोजन यांचा संबंध प्रत्यक्ष मुलांच्या हकिकतींवरून दाखविला. तिच्या लेखनातील मुले जिवंत वाटतात. परंतु केंद्रात मुळातच त्रस्त मुले येत असल्याने, तेथील अनुभव सर्व वाचनदोषी मुलांस लागू करणे धोक्याचे होते आणि ते पुष्कळदा केले गेले.

या दोन टोकांच्या मध्ये उभी राहिलेली व्यक्ती म्हणजे ग्रेस फर्नाल्ड (१८७९–१९५०). तिने लॉस अँजेल्स येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात १९२१ मध्ये चिकित्सालयशाळा सुरू केली. मुलाने स्वतःला हवा असलेला कोणताही शब्द, तो कितीही लांब असो, निवडावा. मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या त्या शब्दावरून बोट फिरवीत तो मोठ्याने उच्चारावा. नंतर न पाहता लिहावा आणि अखेर स्वतः रचलेल्या गोष्टीत तो वापरावा, अशी तिची पद्धती होती. पाठ्यपुस्तक त्यात नव्हते. मूल वाचावयाचे ते स्वतःचेच सांगणे. १९४३ मधील ग्रंथात तिने नोंदविले आहे, की तीव्र वाचनदोषाच्या ७८ मुलांपैकी शाळेत येण्यापूर्वी भावनिक अस्थैर्याचा इतिहास केवळ चौघांच्या बाबतीत आढळला. बाकीची मुले शाळेत आल्यानंतर दुःखी झाली. फर्नाल्डने यावरून काढलेला व्यावहारिक निष्कर्ष मात्र समुपदेशकांना सहज पटण्यासारखा नव्हता. मुलाला त्याच्या दुःखाविषयी बोलते केल्याने त्याचे लक्ष त्या दुःखावरच खिळते, असे ती म्हणे. त्याऐवजी पहिल्याच दिवशी त्याला एखादे यश मिळवून द्यावे आणि अपयशाची आठवण करून देणारे शब्द व प्रसंग टाळावेत, या रीतीला तिने ‘पुनःसंस्कार’ अशा अर्थाचे नाव दिले होते. भावनांच्या अभिव्यक्तीला तिचा विरोध होता असे यावरून समजणे चूक ठरेल. स्वतःची गोष्ट लिहावयास मिळणारे मूल भावना व्यक्त करीतच होते. फक्त त्याला त्याबद्दल प्रश्न विचारले जात नव्हते.

कारण की परिणाम, या प्रश्नाला संख्येत उत्तर देण्याचा प्रयत्न कोलंबिया विद्यापीठातील आर्थर गेट्स याने १९४१ मध्ये केला. तीव्र वाचनदोषाच्या मुलांपैकी सु. ७५ टक्के मुलांत व्यक्तिमत्त्वाचे कुसमायोजन आढळते आणि त्यांपैकी सु. एकचतुर्थांश मुलांत ते वाचनदोषाचे कारण असावे, असा त्याचा अंदाज होता. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, हे गेट्सनंतरच्या लेखकांनी नेहमीच लक्षात ठेवले असे नाही. शिकागोच्या हेलन रॉबिन्सनने १९४६ मध्ये ३० मुलांचा वैद्य, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते अशा अनेक तज्ञांकरवी अभ्यास करून, एकाच मुलाच्या बाबतीत अनेक कारणे एकत्र नांदतात, असे दाखविले.

समुपदेशनाला वाचनदोषाच्या क्षेत्रात स्वतंत्र स्थान मिळाले ते कार्ल रॉजर्स (१९०२–८७) याच्या अनिर्देशी उपचारपद्धतीमुळे. सल्ला देणे, अर्थ लावणे वा समजूत घालणे यांऐवजी समोरच्या व्यक्तीची भावना ओळखून ती तिच्यापुढे शब्दांत ठेवणे, हे या पद्धतीचे सार होय. रॉजर्सची सहकारी व्हर्जिनिया ॲक्सलाइन (१९११–८८) हिने ती मुलांसाठी वापरली. मूल प्रौढासारखे खुर्चीत बसून बोलू शकत नाही. त्याचे बोलणे खेळातून होते. बाहुल्या, माती, वाळू, पाणी, रंग, खेळण्यातील सैनिक अशा वस्तू असलेल्या खोलीत मुलाला ठरावीक वेळ मोकळे सोडावयाचे व समुपदेशकाने त्याच्यासोबत राहावयाचे, हा क्रीडोपचार तिने १९४७ मधील ‘प्ले थेरपी’ या ग्रंथात आठ तत्त्वांच्या रूपाने मांडला. मुलाचा आहे तसा स्वीकार करणे, त्याला घाई न करणे व वास्तवाशी त्याचे नाते टिकविण्यापुरतीच बंधने घालणे, ही त्यांपैकी काही. बाहुलीला मारता येते, समुपदेशकाला मारता येत नाही, असे ते बंधन असे.

त्याच वर्षी ॲक्सलाइनने दुसऱ्या इयत्तेतील ३७ मंदवाचक मुलांवरील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या मुलांचा एक स्वतंत्र वर्ग करण्यात आला. वाचनाची सक्ती काढून घेण्यात आली. चित्रे, मातीकाम, संगीत, नाट्य व गोष्ट सांगणे यांना भरपूर वाव होता. वाचावयाचे असल्यास वाचावे, नसल्यास नाही. शिक्षिका मुलांच्या बोलण्यातील भावना टिपून ती त्यांना परत ऐकवीत असे. सत्राच्या अखेरीस पुष्कळ मुलांची वाचनातील प्रगती, तेवढ्या महिन्यांत जी अपेक्षित धरली जाते तिच्याहून अधिक भरली. प्रयोगात तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता, ही त्याची उघड उणीव. तरीही वाचन न शिकविता वाचन सुधारू शकते, ही गोष्ट शिक्षणक्षेत्राला धक्का देणारी होती.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न रॉबर्ट बिल्स याने १९५० मध्ये केला. भावनिक कुसमायोजन असलेल्या आठ मंदवाचक मुलांचे त्याने सारख्या लांबीच्या तीन टप्प्यांत निरीक्षण केले : उपचारापूर्वीचा, क्रीडोपचाराचा व त्यानंतरचा. उपचाराच्या टप्प्यात मुलांचे वाचन लक्षणीय सुधारले व ती सुधारणा पुढेही टिकली. बिल्सचे खरे महत्त्व मात्र त्याच वर्षीच्या त्याच्या दुसऱ्या प्रयोगात आहे. या वेळी त्याने वाचनात मागे असलेली, पण भावनिक दृष्ट्या सुस्थित अशी मुले निवडली. उपचार तोच ठेवला. वाचनात तशी वाढ झाली नाही. मुलांची संख्या लहान असल्याने यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही; परंतु क्रीडोपचार हा वाचनावरचा उपाय नसून, वाचनाच्या आड आलेल्या भावनेवरचा उपाय आहे, हे त्यातून जितके स्वच्छ दिसते तितके नंतरच्या मोठ्या अभ्यासांतूनही क्वचितच दिसले. सर्वांना सरसकट समुपदेशन अथवा सर्वांना सरसकट उपचारात्मक अध्यापन, या दोन्ही धोरणांना बिल्सचे हे दोन छोटे निबंध उत्तर देतात. त्यांची आठवण मात्र फारशी राहिली नाही.

मुलाच्या भावनेतूनच वाचन शिकविण्याचा एक निराळा प्रयोग न्यूझीलंडमधील शिक्षिका सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर (१९०८–८४) हिने माओरी मुलांच्या बालवर्गांत केला. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर’ या ग्रंथात तिने त्याचे वर्णन केले आहे. प्रत्येक मुलाला त्या दिवशी हवा असलेला शब्द ती विचारी व कार्डावर लिहून देई. भीती व प्रेम यांच्याशी निगडित शब्द एकदा पाहून मुलांच्या ध्यानात राहत. परक्या जीवनावरील क्रमिक पुस्तकातील शब्द राहत नसत. ही मुले वाचनदोषी होती असे नव्हे. परंतु ज्याला वाचता येत नाही असे आपण म्हणतो, त्याला नेमके काय वाचावयास दिले होते, हा प्रश्न तिच्यामुळे विचारला जाऊ लागला. ब्रूनो बेटलहाइम व कॅरन झेलान यांनी १९८२ मध्ये, वाचताना मूल करीत असलेल्या चुकांमागेही त्याची भावना असू शकते, असे प्रतिपादन केले. हे मत काही चुकांना लागू पडेल. सर्व चुकांना लावू गेल्यास साधा वर्णविपर्यासही गूढ ठरतो.

ब्रिटनमध्ये या विषयाला चालना दिली ती सॉमरसेट परगण्यातील शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ डेनिस लॉरेन्स याने. त्याच्या १९७१ मधील प्रयोगात वाचनात मागे असलेल्या मुलांचे चार गट होते. एकाला उपचारात्मक अध्यापन, दुसऱ्याला अध्यापन व समुपदेशन, तिसऱ्याला केवळ समुपदेशन मिळाले आणि चौथ्याला यांपैकी काहीच मिळाले नाही. केवळ समुपदेशन मिळालेल्या गटाची वाचनातील प्रगती सर्वाधिक होती व त्या मुलांची स्वप्रतिमाही उंचावलेली आढळली. समुपदेशन म्हणजे आठवड्यातून एकदा मुलाशी एकट्याने होणारी भेट. तीत घर, मित्र, आवडीनिवडी, काळज्या, पुढच्या इच्छा यांविषयी बोलणे होई. वाचनाचा विषय काढला जात नसे. पुढील वर्षी लॉरेन्सने हेच काम व्यावसायिक पात्रता नसलेल्या, पण ममताळू व समंजस व्यक्तींकडे थोड्या मार्गदर्शनानिशी सोपवून पाहिले आणि तेथेही अनुकूल परिणाम मिळाल्याचे नोंदविले. ‘इम्प्रूव्ह्ड रीडिंग थ्रू काउन्सेलिंग’ (१९७३) या पुस्तकात ही सर्व हकिकत आली आहे. शाळेबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाने मुलासाठी राखून ठेवलेला वेळ हाच यातील कार्यकारी घटक असावा, असे मानण्यास जागा आहे. नंतरच्या पडताळण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत आत्मसन्मान वाढला, पण वाचन फारसे पुढे गेले नाही.

मधल्या काळात वाचनदोषाचे स्वरूपही अधिक स्पष्ट होत गेले होते. मायकेल रटर (१९३३–२०२१) व त्याचे सहकारी यांच्या वाइट बेटावरील सर्वेक्षणाचा वृत्तांत १९७० मध्ये निघाला. समाजविघातक वर्तन असलेल्या मुलांपैकी सु. एकतृतीयांश मुले वाचनात फार मागे होती, असे त्यात आढळले. वर्गात खोड्या काढणाऱ्या, शाळा बुडविणाऱ्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी या एका निष्कर्षाने पालटावयास हवी होती. १९८३ मध्ये लिनेट ब्रॅड्ली व पीटर ब्रायंट यांनी शब्दांतील ध्वनी वेगळे ओळखण्याची क्षमता आणि पुढील वाचन यांचा संबंध प्रयोगाने दाखविला. वाचनदोषाचे मूळ बहुतांशी ध्वनिविषयक प्रक्रियेत असते व त्यावर ध्वनी आणि अक्षर यांच्या संबंधाचे पद्धतशीर अध्यापन हाच उपाय होय, हे मत त्यानंतर सर्वत्र स्थिरावले. आईच्या वागण्यात वाचनदोषाचे मूळ शोधण्याची प्रथा त्यामुळे मागे पडली, हे उचितच झाले. परंतु दोष ध्वनींचा ठरताच मुलाचे मन पुन्हा दुय्यम ठरण्याचा धोका निर्माण झाला. कीथ स्टॅनोव्हिच याने १९८६ मध्ये मांडलेला विचार येथे महत्त्वाचा ठरतो : ज्याला वाचता येत नाही तो कमी वाचतो, कमी वाचल्याने आणखी मागे पडतो आणि वाचनाचा प्रसंगच टाळू लागतो. या चक्रात भावना ही आरंभी परिणाम असते, पण काही काळाने तीच पुढील अपयशाचे कारण बनते. कारण की परिणाम हा वाद अशा रीतीने सुटला नाही, तरी त्याची धार बोथट झाली.

प्रत्यक्ष समुपदेशनात आज मिश्र मार्ग अवलंबिला जातो. लहान मुलांसाठी खेळ, कळसूत्री बाहुल्या व चित्रे. थोड्या मोठ्या मुलांसाठी तोंडी सांगितलेली आणि समुपदेशकाने लिहून घेतलेली गोष्ट, अपुरी वाक्ये पूर्ण करणे, नाट्यीकरण व समदुःखी मुलांचे छोटे गट, अशी साधने असतात. भावना मोजण्याच्या प्रश्नावल्या बहुधा लिखित असतात. वाचता न येणाऱ्या मुलाच्या हाती त्या देणे म्हणजे त्याच्या दुखऱ्या जागीच बोट ठेवणे होय, म्हणून त्या वाचून दाखवाव्या लागतात. ही साधी दक्षता पुष्कळ ठिकाणी राहून जाते. मुले भावनेला भावनेच्या नावाने क्वचितच संबोधतात. सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखणे, वही हरवणे, वर्गात विदूषकपणा करणे, धाकट्या भावंडाला मारणे ही त्यांची भाषा असते व ती समजून घेणे हे समुपदेशकाचे पहिले काम होय. दुसरे काम मुलाला त्याच्या अडचणीचे नाव सांगण्याचे. आपण मठ्ठ आहोत, या स्वतःच काढलेल्या निष्कर्षापेक्षा एखादे परके नावही मुलाला दिलासा देणारे वाटते, असा अनेक समुपदेशकांचा अनुभव आहे.

भारतातील स्थिती : मुंबईत टाटा समाजकार्य शाळेने (नंतरची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातील अशा कार्याचा तो आरंभ समजला जातो. वाचनदोषाला मात्र येथे स्वतंत्र ओळख मिळण्यास बराच काळ लागला. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था मुंबईत १९९६ मध्ये स्थापन झाली आणि त्याच सुमारास राज्य शासनाने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक इ. सवलती देण्यास प्रारंभ केला. २००७ मधील ‘तारे जमीन पर’ या हिंदी चित्रपटाने एका मुंबईकर मुलाच्या एकाकीपणाद्वारे हा विषय घरोघरी नेला. त्यातील मुलाला प्रथम चित्रकला वाचा देते आणि वाचन नंतर येते, हा क्रम समुपदेशनाच्या इतिहासाशी जुळणारा आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला. या सर्व व्यवस्थेचा केंद्रबिंदू प्रमाणपत्र हा राहिला. सवलतीसाठी मुलाची चाचणी होते, अहवाल तयार होतो. मुलाशी त्या अहवालाबद्दल कोणी बोलतेच असे नाही.

मराठी वाचणाऱ्या मुलाच्या अडचणी इंग्रजी वाचणाऱ्या मुलाहून काहीशा निराळ्या आहेत. देवनागरीत ध्वनी व अक्षर यांचा संबंध बराच नियमित असल्याने आरंभीचे वाचन सुकर होते; परंतु घ–ध, भ–म, थ–य यांसारखी सारख्या रूपाची अक्षरे, व्यंजनाआधी लिहिली जाऊनही नंतर उच्चारली जाणारी ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे येथे मूल अडखळते. अशा मुलाला वर्गात ‘ढ’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे. ब्राह्मी लिपीपासून ढ या अक्षराचे रूप फारसे पालटले नाही, त्यावरून न शिकणाऱ्याला हे नाव पडले, असे सांगतात. अक्षरांनी छळलेल्या मुलाला अक्षराचेच नाव देऊन हिणवावयाचे, यातील क्रौर्य रूढीमुळे जाणवेनासे झाले आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाची कोंडी दुहेरी असते. ज्या भाषेत त्याला वाचता येत नाही, त्याच भाषेत त्याची चाचणी होते आणि भावना मात्र घरच्या भाषेत असतात. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांतील वाचनदोष ओळखण्यासाठी २०१५ मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच सिद्ध केला. त्यामुळे मराठी मुलाचे वाचन मराठीत तपासण्याची सोय झाली. त्याचे बोलणे मराठीत ऐकून घेणारे प्रशिक्षित समुपदेशक प्रामुख्याने शहरांत आढळतात. ग्रामीण भागात हे काम वर्गशिक्षकाकडेच येते.